खाणीकडची वाट

मी कुत्री बोलतेय. तोंड वाकडं करू नका. तुमच्यात ती शिवी असेल, मी जन्मापासून तीच आहे आणि मला त्याची लाज नाही.

जन्मले बेकरीच्या मागे, भट्टीच्या कोमट राखेत. भावंडं थंडीने गेली, मी तेवढी चिवट निघाले. मला उचललं लांब्याने. पोरगा ताडासारखा उंच, म्हणून सगळे त्याला लांब्याच म्हणत. शर्टात घालून आणलं आणि आईच्या शिलाई मशीनखाली सोडलं.

"हे काय नवीन झेंगट?" बाई म्हणाली.

"सून आणलीय तुला."

"सून पायाला चावत नाही रे!"

"चावतात," शेजारच्या घरातून थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "लग्नाचं वर्ष तरी सरू दे!"

बाई पडदे शिवायची, उशांचे अभ्रे शिवायची. मशीनच्या घरघरीत मला झोप लागायची. लांब्याने मला एकच विद्या शिकवली. आपला मोजा कुठेतरी लपवायचा आणि म्हणायचं, "शोध!" मी घर पालथं घालून तो आणायची. बाई हातातलं काम टाकून बघायची. "हिच्या नाकाला चुकवून काही राहायचं नाही," म्हणायची. तिचा तो विश्वास फार खोल रुजला, एवढं लक्षात असू द्या.

एका उन्हाळ्यात लांब्या दोस्तांबरोबर दगडाच्या जुन्या खाणीत पोहायला गेला आणि बुडाला. पाण्याने त्याला परत दिलं, पण उशिरा. "आईने बघू नये असं झालंय," म्हणत थोरल्या माणसांनी बाईला आतल्या खोलीत धरून ठेवलं आणि सगळं परस्पर उरकलं. माया होती त्यात, नाही म्हणत नाही. अक्कल मात्र नव्हती. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर आईचा विश्वास कसा बसेल?

मशीन थांबलं. त्यावर अर्धा पडदा तसाच लोंबकळत राहिला. बाई भिंतीकडे तोंड करून पडायची. मला बाहेर न्यायचं कोणाला सुचेना, शेवटी मी उंबऱ्यातच घाण केली. जाऊबाई कडाडल्या, "देऊन टाक ही ब्याद कोणालातरी!"

तशी बाई उठली. शाल पांघरली आणि मला पट्टा लावला.

हिवाळा लागला होता. धुकं असं की समोरचा खांब दिसू नये. आम्ही रोज निघायचो. थंडीने तिचे गाल लाल व्हायचे, परत आल्यावर ती दोन घास जेवायची. जाऊबाई खूश. "कुत्री तू पाळलीस की कुत्रीने तुला?" असं हसून विचारायच्या. "रंग आला हो चेहऱ्यावर!"

रंग आला होता, खरं आहे. पण आम्ही कुठे जातो, हे कोणी विचारलं नाही.

पहिल्यांदा बेकरीपर्यंत. मग पुलापर्यंत. मग जिथे रस्ता संपून खडी लागते, तिथपर्यंत. मला वाटायचं, बाईला त्या बाजूला जायचंय, तर आपण पुढे व्हावं. तिला वाटायचं, कुत्रीला वास लागलाय, तर आपण मागे जावं. दोघी एकमेकींच्या भरवशावर खाणीकडे निघालो होतो.

एका सकाळी आम्ही काठावर पोचलो. खाली पाणी असावं. दिसत नव्हतं, नुसता गार श्वास वर येत होता. बाईने माझा पट्टा सोडला. माझं तोंड दोन्ही हातांत धरून हळूच म्हणाली, "तुला ठाऊक आहे ना गं तो कुठे आहे? शोध."

मी हुंगलं. दगड, शेवाळ, ओला गंज. त्याचा वास कुठेच नव्हता. मी हलले नाही, तेव्हा तीच पुढे झाली. "थांब, मी बघते," असं म्हणाली, अगदी शांतपणे. त्या शांतपणाने माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला.

मी तिची शाल दातांत धरली आणि ढुंगण टेकून बसले.

"सोड!" ती ओरडली. "सोड म्हणते ना!" मला मारलं तिने. शाल टरकन फाटली, तरी सोडली नाही. पायाखालची खडी घरंगळत गेली आणि बऱ्याच वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला. तो ऐकून ती मटकन खाली बसली. माझ्या मानेत तोंड खुपसून गुरासारखी हंबरली. तोवर ती मोठ्याने रडलीच नव्हती.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या वाटेने फिरलो. कित्येक हिवाळे. मशीन सुरू झालं, तो पडदा पुरा झाला. त्या सकाळचं तिने घरात कोणाला सांगितलं नाही. म्हणून मी सांगतेय.

कारण आता माझे मागचे पाय गेलेत. आज पुन्हा तसंच धुकं उतरलंय. मघाशी तिने शाल घेतली. मी उठायला गेले आणि पडले. "पड गं तू, मी जरा जाऊन येते," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

पावलं बेकरीवरून पुढे गेली. मी भुंकतेय, पण जाऊबाई म्हणताहेत, "म्हातारी कुत्री चळलीय."

तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्यावर असाल, तर तिला हाक मारा. काहीही विचारा. किती वाजले विचारा, पडदे शिवून देता का विचारा. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय ती पुढे जात नाही. आणि एकदा थांबली, की तिचा हात सोडू नका.