चिन-येताईंचे सात सेकंद

चिन-येताई स्कूटरच्या परीक्षेत पास झाल्या, तर त्यांच्या सुनेला, वान-रूला, आठवड्यातल्या सहा सकाळी मोकळ्या मिळणार होत्या. वर्षाच्या तीनशेच्या वर. शिवाय चियायी शहरातल्या बेकरीतली नोकरी, जी तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी अडवून धरली होती. मला मिळणार होतं ते एवढंच, की दुकानाच्या कोपऱ्यात तीन वर्षं धूळ खात पडलेली शंभर सीसीची हिरवी स्कूटर आठ हजारांत खपणार होती. वान-रूने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मेस्त्री, आई पास झाल्या तर पैसे. नापास झाल्या तर तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ."

आता गंमत बघा. परीक्षा द्यायची होती चिन-येताईंनी, आणि तिघांत काहीच मिळणार नव्हतं ते त्यांनाच.

आमच्या बूदाईत, ह्या बंदराच्या गावात, कोणी पायी चालत नाही. चार घरं सोडून सोया सॉसची बाटली आणायची तरी माणूस स्कूटर काढतो. दुपारी तिच्यावरच पाय हँडलवर टाकून झोपतो. गॅसची टाकी, आजारी कुत्रा, लग्नाचा केक, सगळं त्याच फूटबोर्डवरून जातं. तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय, त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी मीटरकडे बघायची खोड लागली आहे. तोंड काहीही सांगतं. मीटर खोटं बोलत नाही.

वान-रूच्या मीटरवर अकरा वर्षांत बासष्ट हजार किलोमीटर झाले होते. एवढ्यात माणूस पृथ्वीला दीड फेरी मारून येईल. ही कुठे गेली? घर, मासळीबाजार, माझूदेवीचं देऊळ, गुडघे शेकायचा दवाखाना, घर. सहा किलोमीटरांचं रिंगण. दिवसातून दोनदा, आणि आईंचं काही विसरलं की तिसऱ्यांदा. नवरा व्हिएतनाममधल्या बुटांच्या कारखान्यात. तो नववर्षाला येतो, एक पेटी संत्री आणतो आणि जातो.

मागच्या सीटवर चिन-येताई. वय सहासष्ट, अंगाने बारीक, आवाजाने नाही. डाव्या हाताने सुनेचं जाकीट धरलेलं, उजवा हात मोकळा. काटा वीसच्या पुढे गेला की त्या मोकळ्या हाताची बुक्की पाठीत. आणि तोंड चालूच. हेल्मेटने डोकं वाचतं, कान वाचत नाहीत.

एकदा ऑइल बदलताना वान-रू म्हणाली, "मेस्त्री, सिग्नलला उभी असते ना, शेजारचा कोणी डावीकडे जातो, कोणी बंदराकडे. मला माहीत असतं, मी सरळच जाणार. काल वाटलं, नुसतं एकदा वळून बघावं."

"मग वळलीस?"

"इंडिकेटर लावला. तेवढ्यात बुक्की बसली. म्हणाल्या, बंद कर तो दिवा, बॅटरी उतरेल."

हसत सांगत होती. पण हातातलं पाकीट सारखं उघडत होती, मिटत होती.

नोकरीची गोष्ट निघाल्यावर तिने सासूला, गाडी शिकाल का, असं विचारलं ते भर मासळीबाजारात, कालवं सोलणाऱ्या दहा बायकांच्या समोर. हुशार पोर. तिथे नाही म्हणायची सोय नव्हती. चिन-येताई म्हणाल्या, "सून सांगते तर शिकते. माझं काय, मी उद्या मरेन, पण तिची हौस होऊ दे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. लेखी परीक्षा तर त्या पैकीच्या पैकी गुणांनी पास झाल्या, अख्खं पुस्तक आरतीसारखं पाठ करून.

मैदानावरची परीक्षा मात्र वेगळी. हातभराहून थोडी रुंद पट्टी, पंधरा मीटर लांब. तिच्यावरून गाडी न्यायची, पाय टेकवायचा नाही, कडेच्या रेघेला चाक लावायचं नाही, आणि सात सेकंदांच्या आत बाहेर पडायचं नाही. आमच्याकडे लायसन मिळवायला वेग लागत नाही, सावकाशपणा लागतो. पोरंटोरं तिथेच मार खातात. सात सेकंद म्हणजे किती, हे त्या पट्टीवर गेल्याशिवाय कळत नाही.

देवळासमोरच्या फरशीवर मी खडूने पट्टी आखली. चिन-येताई हिरव्या गाडीवर बसल्या आणि निघाल्या, जणू ताटातलं पाणी सांडू नये म्हणून चालल्यात. बायका मोठ्याने मोजत होत्या. सात, आठ, नऊ, दहा! मी तीस वर्षांत एवढी सावकाश गाडी पाहिली नाही.

"ताई, तुम्ही तर परीक्षकाला शिकवाल."

"तू गप्प बस. ब्रेक करकरतोय, तो बघ आधी."

पहिली परीक्षा झाली. त्या पट्टीवर गेल्या आणि चार सेकंदांत पलीकडे. घंटी वाजली. नापास. वान-रू म्हणाली, घाबरल्या असतील. आठ दिवसांनी दुसरी. पाच सेकंद. घंटी. परीक्षक भोंग्यावरून म्हणाला, "आजीबाई, कुठे आग लागली आहे का?" सगळं मैदान हसलं. आजीबाई मान ताठ ठेवून गाडीवरून उतरल्या. लाजल्या वगैरे नाहीत.

तिथे मला शंका आली. घाबरलेला माणूस पाय टेकवतो, एक्सलेटरची मूठ पिळत नाही. आणि पट्टीवर चढताना त्यांनी कुंपणापाशी उभ्या वान-रूकडे एकदा वळून बघितलं होतं. बघितलं, आणि मगच मूठ पिळली.

गाडी दुकानात आणल्यावर वान-रू भाजी घ्यायला गेली, तेव्हा मी विषय काढला.

"ताई, मुद्दाम करताय."

"काय मुद्दाम?"

"पाय टेकवून नापास व्हायचं होतं ना. तेवढं तरी खरं वाटलं असतं."

"पाय टेकवला की लोक म्हणतात म्हातारी झाली. जोरात गेलं की म्हणतात जिगर आहे." आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बापाच्या मागे बसले, नवऱ्याच्या मागे, मुलाच्या, मग हिच्या. पन्नास वर्षं समोर कोणाची तरी पाठ आहे. त्या पट्टीवर समोर कोणीच नसतं, मेस्त्री. कुठे बघायचं तेच कळत नाही."

"देवळासमोर तर बघत होतात."

"तिथे ती पुढे उलटी चालत असायची ना, या आई, या आई करत."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, हिरव्या गाडीचंही वाटलं. पण सगळ्यात जास्त त्या पाकिटाचं वाटलं, उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. तिसरी परीक्षा एकोणतीस तारखेला होती. नाहीतर पहिल्या तारखेला बेकरीत दुसरी मुलगी रुजू होणार होती.

अठ्ठावीसच्या दुपारी मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागलो. एक्सलेटरची केबल इतकी ढिली केली की मूठ पाऊण फिरवली तरी इंजिनला पत्ता लागू नये. उरलेली पाव मूठ फिरूच नये म्हणून आतून रबराचा तुकडा. आणि इंजिनचा आयडल थोडा चढवून ठेवला, म्हणजे कोणी काही केलं नाही तरी गाडी आपली आपण माणसाच्या चालीने पुढे सरकेल. ब्रेक तेवढा घट्ट. माझी बायको बघत होती. म्हणाली, "हे दुरुस्त करणं की बिघडवणं?"

"गिऱ्हाइकाच्या सोयीचं करणं."

"कोणत्या गिऱ्हाइकाच्या?"

मी शटर आणखी वीतभर खाली ओढलं.

एकोणतीसला चिन-येताई पट्टीवर चढल्या. वान-रूकडे बघितलं. मूठ पिळली. गाडी मुंगीच्या पावलाने निघाली. आणखी पिळली. गाडी तशीच. मला कुंपणापासून त्यांचं मनगट दिसत होतं, ओला टॉवेल पिळावा तसं वळलेलं, आणि खाली चाक आपलं शांतपणे फिरतंय. तीन. चार. त्यांनी हँडलकडे बघितलं. पाच. एवढा वेळ हँडल सरळ राहिलं, रेघेला चाक लागलं नाही. तो हात त्यांचाच, तिथे मी काही केलं नव्हतं. अजूनही पाय टेकवता आला असता. पण चारी बाजूंनी विशीतली पोरं उभी होती, आणि त्यांच्यासमोर चिन-येताई पाय टेकवणार? सात. आठ. नऊ. पलीकडे.

घंटी वाजली नाही.

पुढचं मग झालंच: लाल दिव्याला थांबणं, रेल्वेच्या फाटकाशी थांबणं, डावीकडे जायचं तर आधी समोरच्या चौकोनात जाऊन उभं राहणं. सगळं इतकं सावकाश की परीक्षकाने मध्ये चहा घेतला. भोंग्यावरून नाव पुकारलं. वान-रूने सासूला मिठी मारली आणि रडायला लागली. चिन-येताई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या. गिऱ्हाइकाने वजनाच्या काट्याकडे बघावं तसं.

बोलणार तरी काय? गाडी पळेना म्हणून तक्रार करायची, तर पळवायची कशाला होती, ते सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी आठ हजार माझ्या गल्ल्यात आले. मी केबल आवळून, रबर काढून गाडी घरपोच केली.

पहिल्या तारखेला साडेपाचला वान-रू दुकानासमोरून गेली. वारा लागू नये म्हणून जाकीट मागचं पुढे घातलेलं, मागची सीट रिकामी. तिने हात केला. काटा साठला असेल. ही गाडी साठला जाते, हे मला मेस्त्री असून माहीत नव्हतं.

सात वाजता चिन-येताई आल्या. पायी. डोक्यावर हेल्मेट.

"चल."

"कुठे?"

"बाजार, देऊळ, दवाखाना."

"ताई, तुमच्याकडे लायसन आहे. गाडी आहे."

"आहे ना. अंगणात उभी आहे, वर फुलांची चादर घातलीय. छान दिसते." त्या माझ्या स्टुलावर बसल्या. "तू गाडीला काय केलं होतंस ते मला कळलं. वान-रूला मी सांगितलेलं नाही."

"मग सांगा. मी भितो की काय?"

"सांगितलं तर ती म्हणेल, म्हणजे आईंना गाडी येत नाही, गाडीच आपली चालली. आणि उद्यापासून परत माझ्या पुढे बसेल. मला तर बरंच आहे." त्यांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "पण मग ती विचारेल, आई, तुम्ही मूठ पिळलीत कशाला? ते मला तिला सांगायचं नाही. आणि तोंड पाडून बसलेल्या बाईची पाठ मला बघवत नाही. तेव्हा तूच ठरव. मी गप्प बसू की बोलू?"

मी सगळीकडून विचार करून बघितला. नाही म्हणावं, तर वान-रू आठ दिवसांत त्या रिंगणात परत. हो म्हणावं, तर रिंगण माझं. पोरीला आधीच जाऊन सगळं खरं सांगावं, तरी ती परत येणारच, ती तशीच आहे. ज्या पट्टीवर मी ताईंना चढवलं होतं, तिच्यावर आता मी होतो, आणि पाय टेकवायची सोय मलाही नव्हती.

आतून बायको म्हणाली, "अहो, जाकीट घाला. गार आहे."

ह्याला आता पाच महिने झाले. वान-रू बेकरीत अननसाच्या वड्या करते. शनिवारी दुकानात एक डबा ठेवून जाते आणि दर वेळी म्हणते, "मेस्त्री, आई एकट्या जातात ना नीट? त्या तर म्हणतात, काही त्रास नाही." मी म्हणतो, काहीच त्रास नाही. माझं दुकान आता नऊला उघडतं. सकाळी पंक्चर झालेली गिऱ्हाइकं बंदराजवळच्या मेस्त्रीकडे जातात, आणि तो मला रस्त्यात बघून हॉर्न वाजवतो.

तेव्हा हिशोब असा. वान-रूला सहा सकाळी मिळाल्या. चिन-येताईंची एक फेरी बुडाली नाही. हिरव्या गाडीचे आठ हजार वान-रूने दिले, ते तिसऱ्या महिन्यातच पेट्रोल आणि गेलेल्या गिऱ्हाइकांत संपले. तिच्या त्या सकाळी मात्र मी हप्त्यासारख्या भरतोय, आठवड्याला सहा, आणि सातवी चिन-येताईंनी माझ्या बायकोशी बोलून परस्पर ठरवली आहे.