मागे न येणारा गडी

डेपोतल्या फोरमनची फुटबॉल टीम बघायला महाकंटाळवाणी होती, आणि त्याचाच त्याला कोण अभिमान! गोलकीपर धरून दहा जण आपल्या गोलपुढे एकमेकांना धरून उभे. बॉल डावीकडे गेला की सगळे डावीकडे, उजवीकडे गेला की सगळे उजवीकडे; मधून मुंगीलाही वाट मिळायची नाही. समोरचे ढकलून ढकलून घायकुतीला यायचे, चिडून झाडून सगळे पुढे घुसायचे, आणि त्यांच्या मागचं मैदान ओस पडायचं. तेवढ्यात इकडचा कुणीतरी बॉल हिसकावून लांब टोलवायचा. तिथे अकरावा गडी आधीच धावत सुटलेला असायचा.

हा अकरावा म्हणजे फोरमनचा मुलगा. त्याला सगळे ससा म्हणायचे. त्याला नियम एकच होता. मध्यरेषेजवळ थांबायचं, मागे कितीही मार पडो, मदतीला यायचं नाही.

शाळकरी वयात एकदा तो आला होता. बॉल हिसकावलाही त्यानेच, पण द्यायचा कुणाला? पुढे चिटपाखरू नव्हतं. मॅच गेली, आणि घरी पोचेपर्यंत फोरमनने पोराची खरडपट्टी काढली. "मागे आम्ही मरत असलो तरी तू वळून बघायचं नाहीस! समजलं?"

दारात बायकोने मुलाच्या हातातली बुटांची पिशवी काढून घेतली. "अहो, त्याला बघवलं नाही. एवढंच ना?"

"बघायला तो प्रेक्षक आहे का?" फोरमन म्हणाला. बोलण्यात त्याला कोण हरवणार!

पुढे ससा दूरच्या शहरात एका मोठ्या क्लबात गेला आणि तिथे बाकावर बसून आपली पाळी कधी येते याची वाट बघू लागला. त्याच सुमारास बायकोचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फोरमनला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस नाहीत.

फोरमनला दुसरं काय येत होतं? त्याने घराचीच टीम केली. सकाळी थोरली मुलगी, दुपारी शेजारच्या मावशी, औषधांची धावपळ जावयाकडे, आणि चार वाजता डेपोतून लवकर सुटून तो स्वतः. एक हलला की दुसरा त्याच्या जागी हजर. सशाला मात्र काही कळू द्यायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

"आईची कंबर धरलीय, बाकी काही नाही," तो फोनवर सांगायचा. बायकोही उशीला टेकून, दम खात, मुलाला जेवलास का विचारायची.

गुरुवारी सशाचा फोन आला. शनिवारी पहिल्यांदा त्याला सुरुवातीपासून खेळवणार होते. फोन ठेवल्यावर बायकोने नवऱ्याचा हात धरला.

"अहो, आता बोलवा त्याला."

"शनिवार होऊ दे गं. इतकी वर्षं थांबलाय तो. रविवारी सकाळी तुझ्यापुढे उभा करतो."

"तुमचे डावपेच!" ती हसली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा तिने हट्ट धरला नाही. धरायला हवा होता, असं त्याला नंतर फार वाटलं.

शुक्रवारी दुपारी ती गेली.

शनिवारी सकाळी ससा येऊन पोचला. सगळं आटोपल्यावर बापलेक स्वयंपाकघरात बसले. फोरमन तयारीत होता. पोरगा ओरडेल, तोडून बोलेल, कदाचित गळपट्टी धरेल. धरू दे, त्याचा हक्कच आहे. ससा नुसता पाण्याचा पेला फिरवत राहिला.

"बाबा, मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"आई एक वाक्य बोलून थांबायची. मग ताई घाईने फोन घ्यायची. आणि तुम्ही चार वाजता घरी! तुम्ही कधी चार वाजता घरी असता? दोनदा बॅग भरली मी."

"मग आला का नाहीस, गाढवा?" फोरमनचा आवाज फाटला.

सशाने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडत नव्हता. लहानपणी त्या दिवशी रस्ताभर बोलणी खाताना तो असाच बघत होता.

"तुम्ही सगळे मागे होतात ना," तो म्हणाला. "मला वाटलं, मी आलो तर तुम्ही रागवाल."

फोरमन उठला आणि उगाच दारापर्यंत गेला. पोराची बॅग सकाळपासून उंबऱ्यापाशीच पडली होती. आल्या आल्या ती हातातून काढून घेणारं माणूस घरात एकच होतं. फोरमनने बॅग उचलून छातीशी धरली, आणि तिथेच उभा राहून तो हमसून हमसून रडायला लागला.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ससा मागे आला होता.