थंड बॉयलरमधला प्राणवायू

आकडा पुन्हा खाली आला – वीस पूर्णांक नऊवरून वीस पूर्णांक सातवर, जरा थबकला आणि सावकाश वर चढला. ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरच्या हिरवट काचेतले ते अंक ज्ञानेश्वरी सकाळपासून पाहत होती, आणि त्यांच्या खाली-वर होण्यातली लय आपल्या ओळखीची आहे असं तिला वाटत होतं... वाटत होतं म्हणूनच ती वायर तपासत होती, नट आवळत होती. सगळं ठीक होतं. शेवगावजवळच्या या साखर कारखान्याचं गाळप कधीच संपलं होतं. बॉयलर गार, चिमणी गार, आत-बाहेर एकच हवा. आकड्यानं हलायचं कारणच नव्हतं.

धुराच्या मार्गात खुपसलेल्या नळीच्या टोकाला एक पांढरी चकती असते – झिर्कोनियाची, कपबशीसारखी घट्ट. शुद्ध असती तर तिच्यातून फारसं काही गेलंच नसतं. पण तिच्यात थोडं यट्रियम मिसळलेलं असतं. ते परकं मूलद्रव्य आपल्याबरोबर ऑक्सिजन कमी आणतं, मग स्फटिकात जागा रिकाम्या राहतात, आणि चकती तापवली की एका रिकाम्या जागेतून दुसरीत सरकत ऑक्सिजन त्या घन पदार्थातून चालू लागतो; त्या चालण्यावरूनच काचेतला आकडा ठरतो. इंजिनिअरिंगला हे शिकली तेव्हा ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती – दगडातून प्राणवायू चालतो, कारण जागोजागी कोणीतरी नसतं! मात्र मिसळायचं ते बेतानं. फार झालं की रिकाम्या जागा त्या परक्यांनाच चिकटून बसतात, आणि चालणं मंदावतं...

रंभाजी पाना पुसत आले. बॉयलरचे जुने फिटर. तिच्या वडिलांचे, श्रीमंतअण्णांचे, याच बॉयलरवरचे सोबती.

“काका, काल राख काढायला गेलेले सगळे बाहेर आले ना?”

“आले की. म्या सोता बघून मॅनहोल लावलं. का गं?”

“उघडा.”

रंभाजींनी काचेकडे पाहिलं. “आसं हाललं म्हंजी काय आसतं?”

“आत कोणीतरी ऑक्सिजन घेतंय, असं.” बोलून झाल्यावर तिला ते वाक्य ऐकू आलं.

मॅनहोल उघडलं. टॉर्च घेऊन ती वाकून आत शिरली. राखेचा वास, गार लोखंड, आणि पुढं नळीच्या जाळीआड तापलेल्या टोकाची पुसट लाली. कोणी नव्हतं. कालच्या झाडण्यानंतर बसलेल्या राखेच्या थरावर एकही पाऊल नव्हतं, स्वतःचं सोडून. ती तिथंच उकिडवी बसली – आणि अण्णा आठवले, त्या साथीच्या वर्षी नगरच्या दवाखान्यात, तोंडावर मास्क, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. शुद्धीबाहेर त्यांना वाटायचं, ड्यूटीच चालू आहे. “प्रेशर किती हाय?” ते विचारायचे, आणि चिमट्यावरचा आकडा घसरत असताना ती सांगायची, “भरपूर आहे अण्णा, भरपूर...” नंतर त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं. चेहरा दिसला नाही. त्यामुळं अण्णा गेले हे तिला माहीत होतं, पण ते कुठंतरी *पोचले* असं कधी वाटलं नव्हतं.

“ताई, थांबलं!” बाहेरून रंभाजी म्हणाले. “आकडा थांबलाय. गप झालंय एकदम.”

तिच्या लक्षात आलं, तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला होता. तिनं तो सोडला, घेतला. “आजून गपच हाय,” रंभाजींनी बाहेरून सांगितलं. म्हणजे आकडा अजून स्थिर होता. ती आत असताना तो स्थिर होता... जसं कोणी, आपल्याजवळ कोणी आलंय म्हणून, ऐकत राहावं.

ती बाहेर आली. काचेतला आकडा तसाच होता, आणि मग पुन्हा नवावरून आठ, सात... चिमणीतला वारा असेल. नळीचा सांधा ढिला असेल. ऑफ सीझनला चकती तापवणारा हीटर बंद ठेवायचा नियमच आहे. बंद केला की चकती निवेल, रिकाम्या जागा तशाच राहतील, फक्त त्यांतून कोणाला चालता येणार नाही. मग जो जिथं असेल तिथंच... तिचं बोट बटणावर होतं. दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

“बंद करती का?” रंभाजींनी विचारलं.

“उद्या बघू,” ती म्हणाली, आणि आपला आवाज किती खाली आलाय हे तिला जाणवलं – घरात कोणाचा नुकताच डोळा लागला असावा तसा. रंभाजींना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पण त्यांनी पाना अलगद, आवाज न करता, फरशीवर ठेवला आणि तितक्याच हळू म्हणाले, “व्हय, ऱ्हाऊ दे.”

इतका वेळ तिला वाटत होतं, हा भास असला तर बरं. आता मात्र, तो भास निघेल या विचारानंच तिला धस्स झालं.