नाव न घेतलेली मुळी

माझ्या मिनाचं पोट दुखायचं थांबलं तेव्हा अख्खा तांडा खुश झाला. मी पण. दिवाळीत नऊ वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन लोळत होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाची जुनाट सूज सांगितली. लायपेज नावाचं प्रथिन रक्तात कितीतरी पट वाढलेलं. मग तांड्यात औषध देणाऱ्या खेमाकाकांच्या मुळीचा काढा सुरू केला. चार महिन्यांत आकडा उतरला, नेहमीच्या मर्यादेच्याही खाली. मी बी.एस्सी. झालेली, रिपोर्ट मीच सासूबाईंना कौतुकानं वाचून दाखवला.

"घे, तुझ्या कागदानं बी मान डोलवली," जमनाबाई म्हणजे माझ्या सासूबाई हसल्या.

पण पोर वाळत चालली होती. दोन-दोन भाकरी खाऊन बरगड्या मोजता याव्यात अशी. संडासात पाण्यावर तेलाचे डोळे तरंगायचे. मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तरी तसेच.

शेवटी नांदेडच्या डॉक्टरबाईंनी शौचाची तपासणी करायला लावली. आज रिपोर्ट आणायला एकटीच गेले. इलास्टेज, तेही स्वादुपिंडातच तयार होणारं प्रथिन, जवळजवळ नव्हतंच.

"दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही," बाई म्हणाल्या. "ग्रंथीच सुकत चाललीय, दुखायलाही आत काही उरत नाहीय. काढा आजपासून बंद. आणि ती मुळी कशाची, ते आधी कळवा मला."

परतीत गोरेगावहून जीप धरली, तांड्यावर उतरले ती थेट खेमाकाकांच्या दारात. आमच्यात औषधाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की गुण जातो. देणाऱ्यानं सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. मीही चार महिने विचारलं नव्हतं.

"काका, मुळीचं नाव सांगा."

"काहून? लई शिकली म्हून माझी परीक्षा घेऊन राहिली का?"

"डॉक्टर विचारतायत. माझं लेकरू सुकत चाललंय, काका."

ते खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले.

"मला बी ठाव न्हाई," ते म्हणाले. "बापानं नाव कवा घेतलंच न्हाई. साखऱ्याच्या माळावर जागा दावली व्हती. पान वळखायचं, न बोलता उपटायचं."

"मग चला, तिथली दाखवा."

"तितं काय ऱ्हायलं आता? दोन साल झाले, जेसीबीनं माळ फोडला. सोयाबीन हाय."

"मग मिनाला दिली ती?"

"नाल्याकडची." त्यांनी वर पाहिलं नाही. "पान तसंच हाय. बराबर तसंच."

उरलेल्या मुळ्या मी पदरात बांधल्या आणि घराकडे पळाले.

मिना ओट्यावर बसली होती. समोर रिकामी वाटी.

"याडी," ती मला म्हणाली, "आज दादीनं दोन वाट्या काढा पाजला. लौकर ताकद येईल म्हनली."

मी तिला आडवं केलं. बेंबीच्या वर बोटं टेकवली.

"दुखतंय?"

"न्हाई."

जोर दिला. "आता?"

"काईच न्हाई. गुदगुल्या होतेत."

ती हसत होती. एकदा तरी कळवळून ओरडावी म्हणून मी दाबतच राहिले.