फणसाचा पाट आणि जोसलिन बाई

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पेणच्या काशीबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात माझं सारं आयुष्य गेलं. गागोद्याच्या गुणाजी सुताराने फणसाच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा काशीबाई नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. माझ्यावर शाडूचा गोळा ठेवायचा आणि मला फिरवत फिरवत मूर्ती उभी करायची, हे माझं काम. लोक मूर्तीला हात जोडत. मला ओल्या फडक्याने पुसत. पुढे प्लास्टर आलं, साचे आले, आणि मी भिंतीला टेकून धूळ खात राहिलो.

एका हिवाळ्यात कारखान्याच्या दारात एक उंच, आफ्रिकी वंशाची बाई येऊन उभी राहिली. तिचं नाव जोसलिन. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर ती शिक्षिका होती. तिचं इंग्रजी समजायचं ते काशीबाईंच्या सुनेला, सरूला. सरू धाटावच्या कंपनीत कामाला होती आणि त्या दिवशी सुट्टीमुळे घरीच होती.

जोसलिन म्हणाली, "आमच्याकडे कुणाचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, कुणाचे हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर. शाळा इंग्रजीत चालते, घरी आमची वेगळी बोली. म्हाताऱ्यांची भोजपुरी आता थोड्या शब्दांपुरती उरली आहे. माझ्या वर्गात रामचरण, मोहम्मद आणि जोसेफ एकाच बाकावर बसतात. दिवाळी, ईद, नाताळ, सुट्टी सगळ्यांनाच. शाळेत गणपती मात्र दरवर्षी परदेशातून येतो. मुलांनी तो आपल्या मातीतून घडवावा असं मला वाटतं. पालक म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला यातलं काय कळतं? त्यांचं खरं आहे. म्हणून शिकायला आले."

काशीबाईंचे दीर हिरामण मूर्तींचे डोळे आखत. ते फणकारले, "वहिनी, जिला आरती येत नाय, तिला गणपती शिकवायचा?"

जोसलिनला शब्द कळले नाहीत, सूर कळला. ती काशीबाईंपुढे वाकून म्हणाली, "आजी, माती!"

सगळे चकित झाले. तिकडे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आणि 'माती' ती इथे येऊन शिकली, असं सरूने विचारून सांगितलं. काशीबाई खुदकन हसल्या. "आजी म्हणाली गो ही! हिरामण, तो पाट काढ."

कितीतरी काळाने माझ्यावर ओली माती पडली! सोंड घसरायची, जोसलिन पुन्हा लावायची. हात आखडले तरी ती उठायची नाही. शेवटी डोळे आखायचे राहिले. हिरामण कुंचला घेऊन पुढे आले, तर तिने नकारार्थी मान हलवली.

"तिकडे कोण आखेल? मलाच यायला हवं," सरूने तिचं म्हणणं सांगितलं.

मग ती माझ्या काठावर सरावाचे डोळे काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. हिरामण लांबून बघत होते. एका दुपारी, सरू कामावर असताना, ते तिच्याशेजारी येऊन बसले.

"मनगट टेकव. श्वास धर. एकच रेघ."

आपलं मनगट टेकवून त्यांनी दाखवलं. तिने मूर्तीचे डोळे आखले. एक डोळा जरा वर गेला. ती पुसायला निघाली, तसे हिरामण म्हणाले, "नाय, राहू दे. चांगला हाय. पुढचा याहून बरा येईल."

जाताना तिने मूर्ती इथेच ठेवली. "आमचा गणपती आमच्या मातीचा होईल," म्हणाली.

भाद्रपदात सरूने फोनवर फोटो दाखवले. शाळेच्या अंगणात ओळीने वाकडेतिकडे, पोटभर हसणारे गणपती!

"पालक आले व्हते का?" हिरामणांनी विचारलं.

"व्हय काका. माती मळायला बसलेत बघा."

हिरामणांनी फोटो मोठा करून एकेका गणपतीचे डोळे पाहिले. घराबाहेरच्या माणसाला कुंचल्याला हात लावू न देणारे हिरामण आता दर रविवारी दार उघडं ठेवतात. पार अष्टमी गावापासून मुलं येतात, मोहल्ल्यातली येतात, खाडीकाठच्या खारेपाटातल्या मिठागरवाल्यांची येतात.

मी मधोमध तडकलोय, खालून पट्टी ठोकली आहे, तरी कामावर आहे. मित्रांनो, जुन्या पाटाला भिंतीला टेकवून विसरू नका. आणि शिकायला कुणी दारात आलं, तर आधी त्याला पाट द्या. नाव-गाव मागाहून विचारा.