गंबोची वाफ

विल्बर्टने ओल मोजणाऱ्या मीटरच्या सुया जमिनीच्या फळीत रोवल्या आणि आकडा पाहिला. एकोणीस. रविवारी इथेच चौदा होता. उद्या विमा कंपनीचा माणूस येणार. बाराच्या वर आकडा दिसला की मिस अर्लीनच्या नाचघराची लाकडी जमीन उखडून फरशी बसवणार. फरशीवर लुइझियानात कोण नाचतो? मग मी टाळंच लावीन, असं म्हातारीने केव्हाच सांगून टाकलं होतं.

वादळाचं पाणी ओसरून तीन आठवडे झाले, आणि तेवढे दिवस विल्बर्ट आणि ओल काढायला आलेले त्याचे साथीदार घरी गेले नव्हते. यंत्रांच्या घरघरीने त्याचं डोकं भणभणलं होतं. बाहेरची हवा इतकी दमट की धुतलेला शर्ट चार दिवस वाळत नसे, म्हणून दारं-खिडक्या चिकटपट्टीने बंद करून आतली ओल ओढणारी बारा यंत्रं लावली होती. मग हे पाणी आलं कुठून? त्याने छत पाहिलं, नळ पाहिले. सगळं कोरडं.

"चला रे, जेवून घ्या!" मिस अर्लीनने हॉलच्या कोपऱ्यातल्या ओट्यावरून हाक मारली. भल्यामोठ्या पातेल्यात गंबोचा दाट रस्सा रटरटत होता, शेजारी भात शिजत होता. मागच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

विल्बर्टने भिंतीवरून हात फिरवला.

"मिस अर्लीन, हे सकाळपासून चुलीवर आहे?"

"मग? गंबो काय पाच मिनिटांत होतो? तीन दिवस ओरपताय की!"

त्याने मीटर पुढे धरला आणि वाफेचं सांगितलं. तिने हळूच गॅस बंद केला.

"म्हणजे माझ्या नवऱ्याने, अल्सीडने घातलेली जमीन मीच भिजवली," ती म्हणाली. "तुम्ही एवढे राबता, गरम काही पोटात जावं म्हणून..." तिने पातेल्यावर झाकण घातलं.

विल्बर्टला स्वतःचीच चीड आली. त्याने मुकादमाला फोन लावला. "विमावाल्याकडून दोन दिवस मागून घ्या. चूक माझी झाली."

"तुझी? मग तूच थांब तिथे. बाकीचे उद्या घरी जातील. आणि तुझ्या नावावर शेरा जाईल."

"चालेल."

फोन ठेवल्यावर मिस अर्लीन त्याच्यावर खेकसली, "खोटं कशाला बोललास रे?"

"खोटं कुठे? त्या वाफेत बसून तीन दिवस मीच जेवत होतो."