कबुतरांसाठी सीटी स्कॅन

काळुराम भोईरांच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ आहे, हे त्यांच्या घरी दोन वर्षांपासून माहीत होतं. मूतखड्यासाठी कल्याणला सीटी स्कॅन काढला, तेव्हा ती योगायोगाने दिसली. रिपोर्टात लिहिलं होतं, ‘लहानशी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावी.’ किती लहान, हे लिहिण्याची तसदी तिथे कोणी घेतली नाही आणि पुन्हा तपासण्याची तसदी भोईरांनी घेतली नाही. हिशोब चुकता.

“स्वादुपिंड!” काळुरामकाका माझ्यासमोर बसून हसले. “मॅडम, पिंड माणूस मेल्यावर देतात. माझा आधीच तयार, तो पण चवदार.”

त्यांच्या बायकोने, लक्ष्मीकाकूंनी, त्यांच्या दंडावर चापट मारली. “नवरात्र तोंडावर आलंय, काय पण बोलता!”

ठाण्यातल्या एका सेंटरमध्ये मी एमआरआय वाचते. पेशंटशी बोलणं माझ्या वाट्याला फारसं येत नाही. पण काकांच्या नव्या एमआरआयवर सही करणं जड जात होतं, म्हणून घरच्यांसकट त्यांना आत बोलावलं होतं. गाठ अठ्ठावीस मिलिमीटरची होती आणि शेजारची नळी कळेल न कळेल इतकी रुंद. गाठ पूर्वीही एवढीच असेल, तर लक्ष ठेवून भागलं असतं. वाढली असेल, तर ती कॅन्सरच्या दिशेने निघालेली असू शकते, आणि मग थांबणं परवडणारं नव्हतं.

“जुन्या स्कॅनची सीडी आणलीत?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा हर्षित म्हणाला, “मी जुना रिपोर्ट एआयला दाखवलेला. तो बोलला, घाबरू नका, डॉक्टरांना भेटा.”

“बरोबर बोलला. सीडी?”

“ती गॅलरीत हाय,” काकू म्हणाल्या. “कबुतरांना.”

बाळकुमच्या ज्या शेतात भोईर भात लावायचे, तिथल्या टॉवरमध्ये आता ते राहतात. गॅलरीत घरातल्या यच्चयावत सीड्या दोऱ्याला बांधून टांगलेल्या. चकाकीला कबुतरं बिचकतात म्हणे.

“एक कबूतर फिरकत नाय,” काका अभिमानाने म्हणाले. सीटी स्कॅनचा असा रोजच्या रोज उपयोग करून घेणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी हर्षित ती माळच घेऊन आला. मार्करने लिहिलेली नावं उन्हाने पुसली होती. पहिली सीडी काकूंच्या गुडघ्याची निघाली. दुसरीत हर्षितच्या लग्नातली हळद. काका बेंजोच्या तालावर असे काही नाचत होते की आमचे दोन टेक्निशियन काम सोडून बघत राहिले. तिसरी बराच वेळ घरघरली आणि उघडली. काकांचीच होती.

चौदा मिलिमीटर. शिवाय गाठीची भिंत तेव्हा अगदी साफ होती. आता तिथे एक दाणा होता, जो सकाळी मला सुरकुती वाटला होता.

संध्याकाळी तिघांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली.

“दोन वर्षांत डबल?” काका पडद्याकडे वाकले. “बिल्डरला पण जमलं नाय.”



“कॅन्सर आहे की नाही, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही,” मी म्हणाले. “आधी दुर्बिणीतून आतली सोनोग्राफी करायची, सुईने पाणी तपासायचं. पण सर्जनला याच आठवड्यात भेटा.”

“पप्पा, मंडळाचं काय?” हर्षित म्हणाला. “अध्यक्षच नाय म्हटल्यावर कसं दिसेल? नवरात्र झाल्यावर जाऊ ना. दुखत तर काहीच नाय.”

“दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो,” मी म्हणाले.

काकांनी खिशातून मोबाइल काढला.

“अध्यक्ष व्हायला गावात ढीगभर पडलेत रे. मॅडम, नंबर सांगा सर्जनचा.”

मी सांगत गेले, ते एका बोटाने दाबत गेले.

“चष्मा लावा,” लक्ष्मीकाकू हळूच म्हणाल्या. “त्या नऊ बोलल्या, तुम्ही सात दाबलंत.”